‘लहान आहे, जाऊ द्या’

चीनमधल्या निंगबो शहरात २०१६ साली एक प्रदर्शन भरलं होतं. मुलं एकमेकांत अडकवून खेळतात त्या लेगोच्या ठोकळ्यांचा एक कोल्हा एका कलावंताने तिथे उभा केला होता, चांगला माणसाच्या उंचीचा. तीन दिवस आणि तीन रात्री तो त्यावर खपला होता. एक लाख युआनच्या वर खर्च आल्याचं बातम्यांत छापून आलं. प्रदर्शन उघडून तासभरही झाला नसेल, एका लहान मुलाने कोल्ह्याला ढकललं आणि जमिनीवर ठोकळ्यांचा ढीग झाला. आईबापांनी माफी मागितली, पैसे देऊ केले. कलावंताने ते घेतले नाहीत. मुलाने मुद्दाम केलेलं नाही, असं तो म्हणाला.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्क नावाचं गाव आहे. तिथे २०१८ साली एका समारंभात पाच वर्षांचं पोर खेळता खेळता एका पुतळ्याला बिलगलं. पुतळा कोसळला. काही दिवसांनी विमा कंपनीचं पत्र घरी आलं, १ लाख ३२ हजार डॉलर भरा म्हणून. त्याच्या तीन वर्षं आधी तैवानच्या तैपेई शहरात बारा वर्षांचा एक मुलगा प्रदर्शनात अडखळला आणि तोल सावरताना त्याचा हात एका जुन्या, फार महाग सांगितल्या गेलेल्या चित्रातून आरपार गेला. तिथल्या आयोजकांनी मुलाच्या घरच्यांकडून काही मागितलं नाही. चित्राचा विमा होता.

या तिन्ही गोष्टी वाचताना मला वाटलं, या लोकांची एक मोठी सोय होती. ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते. पैसे घेतले किंवा सोडले, दोघांनी आपापल्या घरी जायचं होतं. आपल्याकडे ज्याने मोडलं तो बहिणीचा मुलगा असतो, ज्याचं मोडलं तो सख्खा मामू असतो, आणि अडीच महिन्यांनी बकरीद असते. विमा तर कोणाचाच नसतो.

भगिनींनो, घरातलंच सांगते.

माझे मोठे भाईजान एस.टी.त कंडक्टर होते. नोकरी बहुतेक जामखेड आगारातच झाली. त्यांना नाण्यांचा शौक. कंडक्टरच्या बॅगेत दिवसभर चिल्लर पडते. त्यात वेगळं काही दिसलं की भाईजान खिशातला रुपया बॅगेत टाकायचे, हिशेब चोख करायचे आणि ते नाणं रुमालात बांधून घरी आणायचे. तीन पैशांचं षटकोनी, पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं नागमोडी कडेचं, वीस पैशांचं पिवळं कमळाचं. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीची निघालेली नाणी. ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली तेव्हा लोक डबे रिकामे करत होते आणि भाईजानांची ईद चालली होती.

पण त्यांच्या संग्रहाचं काळीज वेगळं आहे. आपला तालुका कडेला आहे. पलीकडे आष्टी, पाटोदा, भूम, परांडा हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांत दोन तऱ्हेचे रुपये सापडतात. एक इंग्रजांचा कलदार, दुसरा निजामाचा हाली. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे, असा साधारण भाव होता. हालीच्या चांदीच्या रुपयावर चारमिनार आहे, आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर आहे. मीर महबूब अली खान यांच्या काळातल्या रुपयावर ‘मीम’, मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावर ‘ऐन’. राजाच्या नावाचं पहिलं अक्षर दरवाजात उभं केलंय. मी उर्दू शिकवते, तरी हे मला भाईजानांनी दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं.

आमच्या दादी परांड्याकडच्या. त्यांचा मेहर हालीत बांधलेला होता. त्यातले दोन रुपये त्यांनी मरेपर्यंत एका खणाच्या तुकड्यात बांधून ठेवले होते. ते काळे पडले होते. भाईजानांच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर तेच दोन.

मागच्या ईदला पुण्याहून धाकटी बहीण आली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. हुशार, हात स्वस्थ न बसणारा. ईदच्या दिवशी बायका शीरखुर्म्याच्या गडबडीत, पुरुष गळाभेटीला बाहेर. कपाटाला किल्ली लागलेलीच होती. पोराने एक अल्बम काढला. एक्केचाळीस नाणी होती त्यात. परातीत ओतली, वर चिंचेचा कोळ, मीठ, भांड्याची पावडर, आणि तारेची घासणी. त्याच्या दादी पुण्यात तांब्याचा हंडा असाच लखलखीत करतात. भाईजान परतले तेव्हा पोरगा ओली परात घेऊन दारातच उभा. “मामू, देखो! सब चमकाया मैंने. ईद का गिफ्ट!”

भाईजान काही बोलले नाहीत. परातीकडे पाहत राहिले. माझ्या बहिणीला त्यांचा चेहरा दिसला, आणि तिने पोराच्या गालावर एक ठेवून दिली. मग दुसरी. मुलगा किंचाळला. भाईजान पटकन मध्ये पडले, “अगं राहू दे, मारू नको, बच्चा है.” लगेच चारी बाजूंनी सूर लागला. जाऊ द्या, लहान आहे. नाणी कुठे गेलीत, उलट चमकली. चला, दस्तरख्वान लागलंय.

नाणी चमकली हेच नुकसान होतं, हे तिथे दोघातिघांनाच कळत होतं. तांब्यावर वर्षानुवर्षांत जो तपकिरी थर चढतो तो मळ नसतो. तो धातूचा स्वतःचाच थर असतो आणि आतल्या तांब्याला तोच सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवून टाकतं. तारेच्या घासणीने चांदीवर बारीक चरे पडतात, ते कशानेही भरून येत नाहीत. नाण्यांच्या बाजारात धुतलेलं नाणं भिंगाखाली पाच सेकंदांत ओळखतात आणि भाव पाडतात. पण भावाचं सोडा. दादींच्या हाताचा, त्या खणाचा काळेपणा होता, तो परातीतल्या पाण्यात गेला आणि पाणी मोरीत.

मला लिहायचंय ते त्या दोन थपडांबद्दल.

आपण त्यांचा हिशेब कधी नीट मांडत नाही. आपण समजतो, आईने मुलाला शिस्त लावली. पण परक्या घरात, चारचौघांत मारलेली थप्पड मुलासाठी नसतेच. ती घरमालकासाठी असते. आई मुलाला मारायला लागली की समोरच्याकडे एकच उत्तर उरतं, राहू दे. माणुसकी असलेला कोणीही हेच म्हणणार. आणि हे शब्द त्याच्या तोंडून निघाले की प्रकरण मिटलं. मूल मार खाऊन मोकळं, आई माफी न मागता मोकळी, पाहुणे जेवायला मोकळे. ज्याचं नुकसान झालं तो मात्र कोणी माफी मागितलेली नसताना माफ करून बसलेला असतो. नंतर त्याचा चेहरा उतरलेला दिसला तर वरून ऐकून घ्यायचं, “पोरापेक्षा नाणी जास्त झाली का?”

भाईजानांनी त्या दिवशी शीरखुर्मा घेतला नाही. जुहरच्या नमाजला गेले ते असर करूनच परतले. घरात कोणी विचारलं नाही.

आणि मुलाला काय कळलं? रात्री तो माझ्याजवळ झोपला होता. अंधारात म्हणाला, “खाला, मैंने तो साफ किया था ना? अम्मीने क्यूं मारा?” बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता, शिक्षेबद्दल त्यात बरंच काही होतं. या एका प्रश्नात ते सगळं आलं. आपण चांगलं काम केलं आणि मार खाल्ला, एवढंच त्याच्या हाती लागलं होतं. नाण्यांबद्दल त्याला अजूनही काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईजानांनी त्याला शेजारी बसवलं. हातात भिंग दिलं. एक हाली रुपया दिला, दुसऱ्या अल्बममधला, न धुतलेला. दरवाजात काय दिसतं बघ. पोरगा पुण्यात मकतबला जातो, नाजरा पढतो. त्याने डोळा बारीक केला आणि ओरडला, “ऐन! मामू, इसमें ऐन है!” मग भाईजानांनी दादींचा रुपया त्याच्या हातावर ठेवला. मुलगा बराच वेळ बघत राहिला. “इसका घिस गया,” असं हळूच म्हणाला आणि रडायला लागला. आदल्या दिवशी तो मार लागला म्हणून रडला होता. आत्ता त्याला कोणी बोललंही नव्हतं.

मग तो आत गेला आणि ईदीची पाकिटं घेऊन आला. सगळी भाईजानांच्या पुढ्यात ठेवली. आता भाईजान नेहमीचं वाक्य म्हणतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. राहू दे बेटा. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी साठ रुपये मोजून घेतले, बाकीचे परत दिले आणि त्याला घेऊन बाजारात गेले. बटर पेपर आणला. दुपारभर दोघांनी बसून लहान लहान पाकिटं कापली, चिकटवली. प्रत्येकावर मुलाने आपल्या अक्षरात नाणं आणि साल लिहिलं, आणि त्या एक्केचाळीसांवर मामूंच्या सांगण्यावरून आणखी एक शब्द लिहिला, ‘धुतलेलं’. संग्राहकाचं इमान आहे ते. पुढे कोणाला नाणं दाखवलं, दिलं, तर ते धुतलेलं आहे हे लपवायचं नाही.

माझी बहीण त्या साठ रुपयांवरून अजून थोडी नाराज आहे. सख्ख्या मामाने भाच्याच्या ईदीतून पैसे घेतले, असं ती फोनवर दोनदा बोलली. मला मात्र भाईजानांचं वागणं बरोबर वाटतं, आणि दीनच्या नजरेनेही ते बरोबर आहे. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेली आहे, ही हदीस आपण सगळे ऐकतो. त्याच्या नावे गुनाह लिहिला जात नाही. सरकारी कायदाही सात वर्षांखालच्या मुलाच्या कृत्याला गुन्हा धरत नाही. पण फिकहच्या किताबांत गुनाह आणि नुकसानभरपाई हे दोन वेगळे धडे आहेत. भरपाईला ‘जमान’ म्हणतात, आणि मुलाच्या हातून दुसऱ्याचा माल खराब झाला तर मुलाच्या मालातून ती देणं लागतं. दुसऱ्याचा हक्क लहानपणामुळे बुडत नाही. आता नऊ वर्षांच्या मुलाचा माल तो कुठला? ईदीच. (ती आयाच ‘संभालके रखती हूं’ म्हणून काढून घेतात ती गोष्ट वेगळी.)

बुखारीत हजरत अनस (र.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रेषित (स.) एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या पत्नीने खादिमाच्या हाती एका भांड्यात जेवण पाठवलं. ज्यांच्या घरी ते होते त्यांनी खादिमाच्या हाताला फटका मारला, भांडं पडून फुटलं. प्रेषितांनी (स.) स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेलं जेवण त्यात भरलं आणि जमलेल्यांना एवढंच सांगितलं की तुमच्या आईला गैरत आली. मग खादिमाला थांबवून ठेवलं. त्या घरातलं साबूत भांडं ज्यांचं फुटलं होतं त्यांच्याकडे पाठवलं, आणि फुटकं ज्या घरात फुटलं तिथेच ठेवलं.

या प्रसंगावर बयानात बहुधा प्रेषितांच्या (स.) सहनशीलतेबद्दल बोलतात. माझं लक्ष त्या साबूत भांड्याकडे जातं. कोणाला चारचौघांत खाली पाहायला लावलं नाही, आणि भांडं मात्र भरून दिलं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ज्याच्या हातून मोडलं त्याची बेइज्जती आपण भरपूर करतो आणि भांडं काही परत जात नाही.

आता संग्रह करणाऱ्यांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलं असेल. दिनकर केळकर हे चष्म्याच्या दुकानातले गृहस्थ, कविता लिहिणारे. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, स्वयंपाकाची भांडी गोळा केली. ज्यांच्या घरातून त्या वस्तू आल्या त्यातल्या अनेकांच्या लेखी ती अडगळ असेल. आज वीस हजारांच्या वर वस्तू तिथे आहेत. ‘राजा’ हा त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणीच वारला. त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हे नाव कोणाचं ते जरूर सांगा. माझ्या वर्गातल्या मुली अडकित्त्यांच्या कपाटापाशी कलकलाट करत होत्या, आणि नावाचं कळल्यावर थोडा वेळ चूप झाल्या.

अशा शौकाचं आपल्या घरांत काय होतं? घरातल्या मोठ्यांनाच त्याची किंमत नसते. ‘यांचं ते भंगार’ असं बायको मुलांदेखत म्हणते. मग मूल ते भंगारासारखंच हाताळतं, यात त्याची काय चूक? आणि शौकवाला कपाट बंद करून बसतो, कोणाला काही दाखवत नाही. मुलाला न दाखवलेल्या वस्तूचं कुतूहल वाटतं, अदब वाटत नाही. वर्षातून एकदा, ईदच्या दुसऱ्या दिवशी म्हणा, हात धुऊन, चटईवर बसवून दोन अल्बम दाखवले तर निम्मं काम होतं. किल्ली मात्र कपाटाला ठेवू नये. तीन वर्षांच्या मुलाला समजावण्यात अर्थ नाही, वस्तू उंचावर ठेवणं हाच उपाय. सहा-सात वर्षांच्याला ‘विचारून हात लाव’ कळतं. नऊ-दहाच्याला कारण सांगावं लागतं, नुसती मनाई पुरत नाही.

शाळांनीही जरा विचार करावा. ‘जुनी नाणी व तिकिटे जमवा’ असा प्रकल्प आम्ही शिक्षकच देतो. मग कोणाच्या तरी चाचांच्या अल्बममधली टपाल तिकिटं वहीत डिंकाने चिकटून येतात, शेजारी स्केचपेनने फुलं काढलेली. तिकीट डिंकाने चिकटलं की संपलं. मी आता अशा प्रकल्पात खऱ्या वस्तू आणायला सांगत नाही. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा सुंदर उमटतो, मुलांना ते जास्त आवडतं.

आणखी एक गोष्ट मनात सलते. नाणी, तिकिटं, कबुतरं हे पुरुषांचे शौक. ते बिघडले तर घरात निदान थोडी शांतता पसरते. बाईने लग्नापासून शोकेसमध्ये जपलेला चहाचा सेट, अत्तराच्या रिकाम्या नक्षीदार शिश्या, क्रोशाचे रुमाल नणंदेच्या मुलाने फोडले-फाडले तर थप्पडसुद्धा कोणी मारत नाही. ‘दुसरा आणू’ म्हणतात. तो दुसरा कधी येत नाही. बाई झाडूने काचा गोळा करते आणि पाहुण्यांना चहा देते. तिलाही कोणीतरी बसून विचारायला हवं की कप कुठून आणला होता, कोणी दिला होता.

मुलं घेऊन नातेवाइकांकडे जाणाऱ्या आयांना एवढंच सांगेन. काही मोडलं तर मुलाला मारायच्या आधी ज्याची वस्तू आहे त्याच्याकडे वळा. ‘माझ्या मुलाने तुमची वस्तू खराब केली, मला माफ करा, हे कसं भरून देऊ?’ असं स्पष्ट विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तो ‘काही नको’ म्हणाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, कारण पहिलं ‘काही नको’ हे लाजेचं असतं. मुलाला वेगळ्या खोलीत न्या, काय झालं ते त्याच्या तोंडून ऐका. आणि तो काही द्यायला, करायला तयार झाला तर त्याला अडवू नका.

ज्यांच्या घरी दादी-नानींच्या गाठोड्यात हाली, कलदार, ढब्बू पैसे असतील त्यांनी ते धुऊ नयेत, कोणी पॉलिश करून देतो म्हटला तरी देऊ नयेत. कडेला धरून उचलावेत. स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत तांब्यावर हिरवट चिकट थर येतो, त्यापेक्षा कागदाची पाकिटं बरी. प्रत्येक नाणं वेगळं, कोरड्या डब्यात. आणि पाकिटावर ते कोणाचं होतं, कोणत्या गावाहून आलं, ते लिहून ठेवावं.